पाय सुटला तो ९६ अंशांच्या आसपास

पॉवर सप्लायच्या त्या बोर्डाची तक्रार एकच होती: थंड असताना नीट चालतो, चाळीसेक मिनिटांनी आउटपुट जातं. व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आधी कुणीतरी बदललेला. भिंगाखाली त्याच्या मधल्या पायाभोवती केसासारखी गोल भेग दिसली. बोर्डावरचे बाकीचे जॉइंट, म्हणजे सोल्डरने जोडलेले सांधे, चकचकीत; रेग्युलेटरच्या पायांचे हे तीन मात्र करडे, दाणेदार. नुसत्या रंगावरून जॉइंट नापास करू नये. लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेलं सोल्डर उत्तम बसलं तरी मंदच दिसतं. म्हणून आधी तापमान घेतलं.

के-टाइप थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) मणी उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने पायाला चिकटवला. पायावर व्होल्टेज असतं, म्हणून मीटर बॅटरीवरचं. पूर्ण लोडवर आकडा १०४ अंशांवर स्थिरावला. आता हिशोब पाहा. ६३/३७ हे कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, एसएसी३०५ हे लेड-फ्री सोल्डर २१७ ते २२० ला. कथिल ४२, बिस्मथ ५८ ही कमी तापमानाची पेस्टसुद्धा १३८ पर्यंत घट्ट राहते. यातलं कोणतंही एकटं असतं तर १०४ ला वितळलं नसतं.

मेख त्या 'एकटं' शब्दात आहे. बोर्ड बंद करून हॉट प्लेटवर ठेवला आणि मिनिटाला साधारण पाच अंश चढवत नेला. १०५ च्या वर जायचं नाही, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची मर्यादा तीच. मधूनमधून लाकडी टूथपिकने पाय ढकलून पाहिला. ९० ला घट्ट. ९८ ला भेगेच्या कडेने ओलसर चमक उमटली आणि पाय हलला. शेजारच्या कपॅसिटरचा जॉइंट जसाच्या तसा.

पॅडवरचं (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावरचं) शिशाचं सोल्डर न काढता वरून बिस्मथची पेस्ट लावली, की कथिल, शिसं आणि बिस्मथ एकत्र येतात. या तिघांचं १६:३२:५२ हे मिश्रण ९६ अंशांच्या सुमारास वितळतं. जॉइंटमधलं एकूण प्रमाण नेमकं तेवढं नसलं तरी दाण्यांच्या मधोमध असा थर तयार होतो. सगळा जॉइंट वितळत नाही, पण पायाची पकड जाते. बिस्मथ मुळात ठिसूळ. तापणं-निवणं सुरू झालं की भेग तिथूनच पडते.

वरून ताजं सोल्डर ओतून हे सुधारत नाही, बिस्मथ आतच राहतो. रेग्युलेटर काढला, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारा पदार्थ) लावून विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने, पॅड कोरडे केले, त्यावर ६३/३७ भरून पुन्हा शोषून घेतलं, असं तीनदा. नवा रेग्युलेटर सोल्डरिंग आयर्नच्या ३४० अंशांच्या टिपने बसवला, पायाला दोन-तीन सेकंद. टिपही आधी नव्या सोल्डरने दोनदा धुतली, नाहीतर तीच बिस्मथ पुढच्या जॉइंटवर नेते.

हॉट प्लेटवर पुन्हा १०५ पर्यंत नेलं: पाय घट्ट. मग पूर्ण लोडवर चार तास, व्होल्टेज स्थिर. बिस्मथच्या पेस्टला आता वेगळी टिप आणि वेगळा विक आहे, दोन्हींवर चिठ्ठी लावून.