"कोठवर?" हे विचारायची मुभा

ज्याची पेन्शन सुरू आहे तो "देवाची वेळ आली की होईल" हे फार चटकन म्हणतो. आमच्या भुसावळच्या ख्रिस्ती मंडळीत रेल्वेची पेन्शनवाली घरं पुष्कळ, म्हणून हे वाक्यही पुष्कळ ऐकू येतं. (आमचंही घर त्यातलंच, तेव्हा बोलायचा हक्क आहे मला.) देवाच्या वेळेवर माझा विश्वास आहे. पण हे वाक्य वाट पाहणाऱ्याने स्वतःशी म्हणायचं असतं. दुसऱ्याने तोंडावर टाकलं की "आता गप्प बस" असं ऐकू येतं.

माझी मुलगी डी.एड. झाली आणि २०१२ मध्ये शिक्षकभरतीच बंद झाली. पुढे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी निघाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. दोन्ही दिल्या तिने. गुण बरे पडले, नंबर लागला नाही. सध्या एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवते. पगार सांगण्यासारखा नाही. लग्नाचं विचारणारे आणखी वेगळेच.

एकदा घरगुती प्रार्थनेत कोणीतरी तिला बायबलमधल्या योसेफाचा दाखला दिला, तुरुंगात कसा शांत राहिला बघ. ती म्हणाली, "मावशी, शांत कुठे? फारो राजाच्या प्यालेबरदाराला, सोबतच्या कैद्याला, स्पष्ट सांगितलं ना त्याने, सुटलास की फारोकडे माझा विषय काढ." खरंच आहे, उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायात. योसेफाने वशिला लावून पाहिला, वशिलेवाला विसरला, आणि पुरी दोन वर्षं गेली. मार्था तर याहून फटकळ. तिचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही प्रभू येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. बेथानीला पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झालेले. ती वाटेतच गाठून म्हणाली, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. प्रभूने तिला दटावलं नाही. तेराव्या स्तोत्रात तर पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कोठवर" आहे. आपल्याकडे कोणी चर्चमध्ये साक्षीला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं राहून देवाला असं विचारलं, तर पाळकसाहेब घाईघाईने पुढचं गाणं सांगतील.

धीराचा विषय निघाला की याकोबाच्या पत्रातला शेतकरी हमखास येतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा. माझा भाऊ चोपड्याकडे कापूस लावतो. विहिरीला पाणी असलं की मे महिन्यातच लागवड उरकायची, अशी तिकडची सवय. गुलाबी बोंडअळी आली आणि कृषी खातं काही वर्षं बियाण्याची विक्री १ जूनपर्यंत थांबवायचं. लवकर लावलेल्या कपाशीला पात्या-फुलं लवकर येतात, आणि जमिनीतल्या कोषातून निघालेल्या पतंगांना ती आयती सापडतात. ती नसली तर अळीची ती पिढी तिथेच संपते. भावाला हे सगळं ठाऊक आहे. तरी तेव्हा दरवर्षी वैतागायचा, "पाणी हाये ताई, रान तयार हाये, अन् पाकिटासाठी बसायचं!" काहीजण सरळ मध्य प्रदेशातून पाकिटं आणायचे.

यावर प्रवचन छान होईल. पण माझ्या मुलीला तिची बोंडअळी अजून कोणी दाखवलेली नाही, आणि ती अमुकच असणार असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला राग येतो. याकोबाच्या शेतकऱ्यालाही मोकळं बसायला मिळत नव्हतं. त्याच्या देशात पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या सरींनी जमीन मऊ झाली की नांगरट, पेरणी. मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसावर दाणा भरणार. माझा भाऊही ठिबकच्या नळ्या अंथरून, सऱ्या पाडून, खात्याला शिव्या घालत तयार असायचा. हात जोडून गोड चेहऱ्याने बसण्यापेक्षा हे शिव्या घालत तयार राहणं मला विश्वासाच्या जास्त जवळचं वाटतं. पाळकसाहेबांना हे पटत नाही. असो.

यंदा नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मुलीने पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली. प्रार्थनेच्या विशेष विनंत्यांच्या यादीतून माझं नाव काढा, त्याऐवजी माझ्या वर्गातल्या पाच मुलांसाठी प्रार्थना करा, तिसरीत आहेत आणि अजून वाचता येत नाही. मी घरी चिडले तिच्यावर. नाव काढल्यावर देवाला काय कळणार, असंही बोलून गेले. ती हसली आणि वह्या तपासायला बसली. शाळा सुटल्यावर त्या पाचांना ती अर्धा तास थांबवून घेते, दुकानांच्या पाट्या आणि बिस्किटांचे पुडे वाचायला लावते. त्यातला एक जोडाक्षरांपर्यंत आलाय.