प्रोव्हिजनल रिपोर्ट

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पंधरा वर्षं झाली. शुगर, थायरॉईड, आणि पावसाळ्यात प्लेटलेट किती प्लेटलेट किती म्हणून फोन. कोविडपासून लोकांना 'इम्युनिटी पॅकेज'चं खूळ लागलंय, त्यात निघतं काय तर व्हिटॅमिन डी. असो.

कागलकडचं चौदा महिन्यांचं पोरगं, तिसऱ्यांदा न्यूमोनिया, ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींचे प्रकार, मोजायला सांगितले. आयजीजी ४१, म्हणजे फारच कमी, आयजीए मशीनला दिसेचना, आणि आयजीएम चढून ३९०! एवढ्याशा पोराचं? मला वाटलं रिएजंट गंडलाय. कंट्रोल लावले, डायल्युट करून लावलं, दुसऱ्या ट्यूबमधून लावलं, तेच. रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे सिरममधल्या रक्तगटाच्या अँटीबॉडींची टेस्ट, बघितलं तर तिथंही गुठळ्या झकास, कारण त्या अँटीबॉडी मुख्यतः आयजीएमच. पेंटा लसीचे तिन्ही डोस झालेले, त्यात टिटॅनसही असतो, पण टिटॅनसचं आयजीजी नावालाही नाही. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी मोजल्या तर त्या नॉर्मल. सगळं हजेरीपटावर आणि माल एकच निघतोय.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना लगेच शंका आली, हायपर आयजीएम सिंड्रोमची. बी पेशीला अँटीजेन, म्हणजे जंतूचा ओळखीचा भाग, सापडला की ती तो आत ओढते, तुकडे करते आणि टी पेशीला दाखवते. टी पेशीला पटलं तर ती अंगावर सीडी४० लिगँड नावाचं प्रोटीन काढते, ते बी पेशीच्या सीडी४० ला भिडतं, सोबत टी पेशीची इंटरल्युकिन येतात, मग कुठं बी पेशी आयजीएम सोडून आयजीजी, आयजीए बनवायला लागते. मी म्हटलं, मॅडम, हे आपल्यासारखंच की, मी कितीही पळालो तरी तुमची सही झाल्याशिवाय फायनल निघत नाही, प्रोव्हिजनलच फिरत राहतो. हसल्या नाहीत.

आता गंमत अशी की हे लिगँड निवांत बसलेल्या टी पेशीवर सहसा दिसतच नाही. तिला केमिकल घालून काही तास डिवचायचं आणि मग फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या मशीनवर, बघायचं, म्हणजे पेशी जिवंत पोचायला पाहिजेत. हिरव्या टोपणाची हेपॅरिन ट्यूब, रूम टेंपरेचर, रातोरात मुंबई. आणि आमच्या नव्या पोरानं सवयीनं ट्यूब फ्रिजात ठेवली. त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. परत टोचणं आलं, शिर सापडेना, आई भिंतीकडं तोंड करून उभी, शेवटी पायातून २ एमएल मिळालं. आईचंही घेतलं, आणि वाटेत सॅम्पल मेलं तर कळावं म्हणून कंट्रोलला माझं स्वतःचं.

तीन ग्राफ आले. माझा डोंगर उजवीकडं सरकलेला. पोराचा जागचा हललेला नाही. आणि आईच्या ग्राफला दोन डोंगर, एक माझ्यासारखा, एक पोरासारखा. दोष एक्स क्रोमोसोमवर, बाईच्या काही पेशी एक एक्स वापरतात, काही दुसरा, तेच कागदावर उमटलेलं. मी तो कागद घेऊन बराच वेळ बसलो होतो.

आजी रिपोर्टला आल्या होत्या. म्हणाल्या, "माझा थोरला बी असाच गेला, हिच्या जन्माआधी. दीड वर्साचा. प्वाट उडायचं नुसतं." लेकीचा जन्म ९८ चा. या लिगँडच्या जीनमधला हा दोष १९९३ ला सापडलेला होता.

पण मला खुपतंय ते वेगळंच. घरी जाऊन झोप येईना म्हणून दुसऱ्या दिवशी सिस्टीममध्ये पोराचं नाव टाकलं. आमच्याच लॅबमध्ये आधीचे दोन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचे रिपोर्ट, दोन्हीत न्यूट्रोफिल, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पार तळाला. या आजारात बऱ्याच पोरांचे पडतात. खाली 'क्लिनिकली कोरिलेट करा' लिहून मीच व्हेरिफाय केलेले, दोन्ही वेळा संध्याकाळी सातच्या गर्दीत. फोन करायला किती वेळ लागला असता?

पोराला आता दर महिन्याला बाहेरून आयजीजी चढवतात, सेप्ट्रान हे अँटीबायोटिक चालू आहे, पाणी उकळूनच, आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांटसाठी थोरल्या बहिणीचं मॅचिंग पाठवलंय.

आजी जाताना दारातनं परत फिरल्या. "दादा, माझ्या धाकटीला सातवा लागलाय. तिचं बी बघाय लागंल का?"

सोमवारी येणार आहेत. ट्यूब काढून ठेवलीय. फ्रिजच्या दारावर लाल मार्करनं लिहिलेला कागद चिकटवलाय, आणि त्या दिवशी नव्या पोराला सुट्टी दिलीय.