चकमकीच्या बंदुकीचा नेम

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली, त्यामुळे ग्वाल्हेरात वाढलेल्या मला ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक भिंतीवरच ठाऊक होती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मात्र नाताळानंतर हरणांच्या शिकारीसाठी चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार होणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, आणि त्याआधी नेम जुळवताना मामेभावाने मला शेजारी उभे केले. घोड्यातली गारगोटी पोलादावर घासली, बाहेरच्या वाटीतली दारू भपकन पेटली आणि नळीतला बार क्षणभराने झाला. त्या क्षणात हात हलला की गोळी भरकटते, म्हणून दादा बारानंतरही नजर माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवरून, काढत नसे. तीन गोळ्या डावीकडे, एकाच जागी लागल्या, तेव्हा त्याने नेम धरायची मागची खाच किंचित उजवीकडे सरकवली. प्रत्येक बारानंतर तो नळी पुसत असे, कारण जळक्या दारूची काजळी साचली की पुढची गोळी ठासणेही कठीण होते.