तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं कुणी ठरवून करतं का?

जाहिरातींचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, “गरज नसलेल्या वस्तू आपल्या गळ्यात मारायच्या, हे कुणीतरी वर बसून ठरवतं का हो?”

ठरवून केलेली कारस्थानं झाली आहेत. १९२४ साली जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी संगनमत केलं. बल्ब हजार तासांच्या पुढे टिकता कामा नये, टिकला तर दंड! दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे संगनमत मोडलं. वस्तू लवकर बाद करण्याची रीत मात्र सुरूच राहिली, कारण तिला कुणाच्या बैठकीची गरजच नव्हती.

फोनवर काय घडतं ते बघा. तुम्ही बुटांच्या एका फोटोवर क्षणभर रेंगाळता. पुढचं पान उघडेपर्यंत तुमच्या नजरेसमोरच्या त्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होऊन जातो. बोली लावणारी सॉफ्टवेअरच असतात. जिंकलेल्या जाहिरातीचे दोन मसुदे आलटून पालटून दाखवले जातात. एकात नुसते बूट, दुसऱ्यात ‘शेवटचे दोनच जोड शिल्लक’. दुसऱ्यावर जास्त बोटं पडतात, पहिला आपोआप बाद. हीच चाळणी अहोरात्र चालली की उरतात त्या घाई लावणाऱ्या, लाज वाटायला लावणाऱ्या, मागे पडल्याची भीती घालणाऱ्या जाहिराती. माणसांना घाबरवा, असा हुकूम कुणीच सोडलेला नसतो. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच. जाब विचारायला समोर कुणी नसतं. असतात ती तिमाहीचं टार्गेट गाठायला धडपडणारी नोकरदार माणसं, आणि त्यांच्याही डोक्यावर हप्ते असतातच. उरलेलं काम आपण करतो. मी नवीन फोन हातात घेऊन फिरते तेव्हा शेजारणीला तिचा फोन जुना वाटायला लागतो.

खुद्द कंपन्याही यात अडकलेल्या असतात. २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत टीव्ही आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. कंपन्यांचा जाहिरातींवरचा खर्च घटला आणि नफा वाढला. त्या पैशाचा मोठा भाग एकमेकांचं गिऱ्हाईक ओढण्यातच जात होता. मग आधीच का नाही थांबले? जो पहिला थांबेल त्याचं गिऱ्हाईक दुसरा पळवणार, म्हणून.

त्यामुळे ‘चांगल्या कंपन्यांनी स्वतःहून आवरतं घ्यावं’ या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. नियम सगळ्यांना एकदम लागू व्हावा लागतो. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराने २००७ साली रस्त्यांवरचे जाहिरातफलक कायद्यानेच उतरवले, दुकानांच्या पाट्याही लहान करायला लावल्या. एकट्या दुकानदाराने पाटी लहान केली असती तर तो शेजारच्या दुकानापुढे झाकला गेला असता. सगळ्यांच्याच लहान झाल्यावर ती भीती उरली नाही.