काउंटरवरून परत आलेली गोधडी

गणपती बुधवारी बसणार होते, 27 ऑगस्ट 2025, आणि मी सोमवारीच पोस्टात गेले कारण मंगळवारी हरतालिकेचा उपास, नंतर गौरी होईपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं, मग पार्सल कोण करतंय. दोन पार्सलं होती, एक जर्मनीचं आणि एक न्यू जर्सीचं. काउंटरवरच्या मॅडमनी जर्मनीचं घेतलं, दुसऱ्याचा पत्ता वाचला आणि हळूच माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाल्या, "अमेरिका बंद आहे हो आजपासून."

मला आधी वाटलं सर्व्हर डाऊन असेल, ते आमच्याकडे नेहमीचंच. पण नाही, खरंच बंद. तिकडे 800 डॉलरच्या आतल्या पार्सलला ड्युटी लागत नव्हती ती सवलत 29 ऑगस्टपासून जाणार, मग ड्युटी गोळा कोण करणार आणि कशी भरणार ते ठरलेलंच नाही, म्हणून विमान कंपन्या टपाल उचलायलाच तयार नाहीत. शनिवारी बातमी येऊन गेली होती म्हणे. शनिवारी मी मखराला झालर लावत होते.

माझं काम गोधड्यांचं. साताऱ्यात घरीच, मागच्या खोलीत. 2021 ला सुरू केलं, गल्लीतल्या चार बायका टाके घालतात, मी कापड जुळवते, फोटो काढते, एट्सी या हाताने केलेल्या वस्तू विकायच्या वेबसाइटवर टाकते. एका लिस्टिंगला 20 सेंट, विकलं की साडेसहा टक्के कमिशन, शिवाय 500 रुपयांत काढलेलं आयईसी म्हणजे निर्यातीचा नोंदणी क्रमांक, दरवर्षीचं एलयूटी म्हणजे जीएसटी न भरता माल बाहेर पाठवायचं हमीपत्र, पोस्टाच्या पोर्टलवर एक्स्पोर्टचं बिल, हे सगळं शिकायला मला गोधडी शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. आणि एक गंमत सांगते, तिकडं 'गोधडी' असं कोणी सर्च करतच नाही, 'कांथा क्विल्ट' करतात, म्हणून साताऱ्याच्या गोधडीला बंगाली नाव लावून विकावं लागतं. जिवावर येतं पण ऑर्डर त्या नावानेच येतात, त्यातल्या निम्म्याच्या वर अमेरिकेच्या.

एरवी मी रिफंड देऊन मोकळी झाले असते. पण हे पार्सल तसलं नव्हतं.

न्यू जर्सीच्या त्या ताई मूळच्या सांगलीच्या. त्यांची आई वारली, आणि आता ताईंच्या मुलीला बाळ होणार, तर आजीच्या लुगड्यांची गोधडी करून द्या म्हणून त्यांनी भावाकरवी सांगलीहून सहा लुगडी माझ्याकडे पाठवलेली. दोन इरकली, बाकी साधी सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. एका लुगड्याच्या पदराचं टोक सगळं विरलेलं आणि चुरगळलेलं, इस्त्री तीनदा फिरवली तरी सरळ होईना. मी फोटो पाठवून विचारलं, एवढा कोपरा कापून टाकू का? ताईंचा लगेच फोन, "अहो नको नको, आई तिथं पैसे बांधायची गाठ मारून, तोच वरती दिसला पाहिजे." मग तो तुकडा आम्ही खालून नवीन कापड देऊन बरोबर मधोमध बसवला, आणि ज्या काकूंनी धावदोरा घातला त्या म्हणाल्या की बाई, इथं सुई अगदी श्वास धरून घालावी लागते, जरा ओढलं की टर्रकन फाटतंय. बारा दिवस लागले. सोबत धुण्याच्या सूचनांचं कार्ड असतं, ते पण घातलेलं.

आता असलं पार्सल परत घेऊन मी पोस्टाच्या पायरीवर उभी. मागं रांगेतले एक काका म्हणाले, "शंभर डॉलरच्या आतलं गिफ्ट चालतंय की, गिफ्ट लिहा न द्या." खरंच चालत होतं त्या दिवशी. मजुरी मी 120 डॉलर घेतलेली, 95 लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं. क्षणभर पर्समधून पेन काढलंसुद्धा. पण विकलेला माल, पैसे खात्यात आलेले, माझ्या आयईसीवर सगळा हिशोब, आणि तिकडं कस्टम्सने अडवलं तर गोधडी जाणार. दुसरी देता येते का मला, आजी कुठून आणू? खासगी कुरिअरला विचारलं तर तो पोस्टाच्या दुपटीहून जास्त सांगत होता, वर ड्युटी 'जी लागेल ती'. बुधवारपासून भारतातल्या मालावर पन्नास टक्के होणार हे तोवर मला फोनवर वाचून कळलेलं.

घरी येऊन ताईंना मेसेज टाकला, तिकडं मध्यरात्र. अर्ध्या तासात त्यांचाच फोन. मी माफी मागायला तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "अहो, विहीणबाई येतायत ना!" लेकीच्या सासूबाई बाळंतपणासाठी पुण्याहून निघणार होत्या, गौरी विसर्जन झालं की दोन दिवसांनी.

मग काय, आमचे हे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मोदक खाऊन मोटारसायकलवर पुण्याला. विहीणबाईंच्या हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या आणि वजनकाटा. 23 किलोच्या दोन बॅगा, दोन्ही आधीच काठोकाठ, त्यात अडीच किलोची गोधडी बघून त्यांचा चेहरा पडला. मेतकूट काढलं, एक भाजणीची पिशवी काढली, मेथीचे लाडू मात्र काढायला तयार नाहीत, बाळंतिणीचे आहेत म्हणाल्या. शेवटी लाडवांचा डबाच गोधडीत गुंडाळला.

अमेरिकेचं बुकिंग 15 ऑक्टोबरला परत चालू झालं, दिवाळीच्या तोंडावर, पण ड्युटी इथंच भरायची होती, तेव्हा ती सांगितलेल्या किमतीच्या निम्मी होती. त्या दीड महिन्यात माझ्या सात ऑर्डरी रद्द झाल्या. मी फोटोंखालचा मजकूर बदलून जर्मनी, ऑस्ट्रेलियावर जास्त जोर दिला, टाके घालणाऱ्या बायकांना मात्र दिवाळीला निम्मंच काम देता आलं, ते अजून मनात सलतंय.

बारशाचा फोटो आला. बाळ बरोबर त्या पदराच्या कोपऱ्यावर झोपलेलं. खाली ताईंचा प्रश्न: मेथीचा वास जाता जात नाही, काय करू? मी लिहिलं, कार्डावर आहे बघा, कडक उन्हात दोन तास टाका. त्यावर उत्तर आलं, आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत काही वाळत घालायला परवानगी नाही हो.

कार्डाची नवीन छपाई मी थांबवून ठेवलीय. त्या ओळीच्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.