एका कावळ्याने घेतलेलं माझं एम.ए.

एम.ए.च्या प्रबंधाच्या सिनॉप्सिसवर, म्हणजे आराखड्यावर, मी विषय लिहून नेला होता, 'ग्रामीण विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकताना येणाऱ्या अडचणी'. गाइड मॅडमनी कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, यावर दहा जणांची पीएच.डी. होईल. कोणती मुलं, कोणती अडचण? एकच सांगा." सोळा वर्षं हायस्कूलवर इंग्रजी शिकवतोय, मुलांच्या चुका तोंडपाठ. पण एकच सांगा म्हटल्यावर माझं ततपप झालं.

शेवटी 'अ, ॲन, द' वर गाडी थांबली. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून मुलं ती गाळतात, असं साधं गृहीतक. नववी अ च्या 34 मुलांनी चित्रं बघून तहानलेल्या कावळ्याची गोष्ट लिहायची, मग महिनाभर सरावपत्रिका, मग परत एक गोष्ट. नववी ब ला नेहमीसारखंच शिकवायचं, म्हणजे तुलना करता येईल.

तुलनेचं तिसऱ्याच आठवड्यात वाटोळं झालं. ब मधल्या एका मुलीच्या वहीत माझ्या सरावपत्रिकांच्या झेरॉक्स निघाल्या. वर मलाच विचारते, "सर, अ वाल्यांना देता, मग आम्हाला का नाही?" काय उत्तर देणार! घाबरत मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "झालं ते झालं तसं लिहा. ब गट काढून टाका, मर्यादांमध्ये नोंद करा आणि चुकांचं विश्लेषण नीट करा."

दिवाळीची सुट्टी त्यात गेली. एकेका नामाखाली रेघ ओढायची आणि तक्त्यात खूण करायची. मुलं आर्टिकल गाळत होतीच. पण बऱ्याच कागदांवर पहिलंच वाक्य होतं 'वन क्रो वॉज थर्स्टी', आणि पुढे 'दॅट क्रो सॉ पॉट'. पहिल्यांदा वाचताना मी सवयीने दोन्हीवर काट मारली होती. विसाव्या कागदाला हात थबकला. 'एक कावळा होता. तो कावळा...' आपण गोष्ट अशीच तर सांगतो! नवीन पात्र आलं की 'एक', ओळख झाली की 'तो'. म्हणजे 'अ' आणि 'द' मधला फरक पोरांना कळत होता, फक्त शब्द मराठीच्या घरचे होते.

पिट कॉर्डर या भाषातज्ज्ञाचा 1967 चा चुकांवरचा लेख आणि सेलिंकर या दुसऱ्या भाषातज्ज्ञाची 1972 ची 'इंटरलँग्वेज'ची, म्हणजे शिकणाऱ्याच्या स्वतःच्या मधल्या भाषेची, कल्पना मी आधीच्या संशोधनाच्या रिव्ह्यूच्या चॅप्टरपुरती उरकली होती. शिकणाऱ्याच्या चुकीतही नियम असतो, हे मीच माझ्या हाताने उतरवून काढलेलं. त्या रात्री ते चॅप्टर पुन्हा लिहायला घेतलं.

मग आली माझीच पाळी. चौथं चॅप्टर मॅडमकडून परत आलं ते लाल गोलांनी भरून. आर्टिकल गाळण्यावरच्या प्रकरणात मी स्वतः 17 ठिकाणी 'द' खाल्ला होता. मी पाचवीपासून इंग्रजी शिकलो, ही पोरं पहिलीपासून. राज्यात 2000 पासून तसं झालं. त्यामुळे त्यांना हसायचा हक्क होता, पण मी वर्गात सांगितलंच नाही.

बाकी सगळं धावपळीचं. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघतात त्यात, 23 टक्के आले. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच माफी, म्हणून तीन रात्री व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहिल्या. बायंडिंगवाल्याने काळ्याऐवजी मरून कव्हर घातलं, ते तसंच जमा केलं.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी थेट कावळ्याचं पान उघडलं. "आता 'वन क्रो' ला मार्क देता का?"

"वर्गातल्या लेखनात अर्धा देतो, सर. शेजारी 'अ' लिहून."

"आणि बोर्डाच्या पेपरात?"

"तिथे कापतो."

ते हसले, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलवायला सांगितलं.