खळग्यातली खपली

१ जूनला मासेमारीबंदी लागते, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि आमच्या सिंधुदुर्गात त्वचारोगाच्या ओपीडीत दर्यावरची माणसं दिसू लागतात. वर्षभर अंगावर काढलेलं सगळं या दोन महिन्यांत येतं.

त्यातलाच हा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, चाळिशी ओलांडलेला. कपाळावर, नाकाच्या बाजूंना, मानेवर पुटकुळ्या, प्रत्येकीच्या मधोमध खळगा. "ह्यो जाळून टाका, डॉक्टरानू." काही आधीच एका डॉक्टरने जाळल्या होत्या, मोलस्कम, म्हणजे विषाणूमुळे येणाऱ्या खळगेदार पुटकुळ्या, समजून.

मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढे मोलस्कम दिसले की एचआयव्हीची शंका घ्यावी, हे आम्ही सगळेच शिकलेलो असतो. पण मोलस्कम दाबला की पांढरट घट्ट गर येतो. इथे गर नव्हता. खळग्यात काळपट खपली होती. तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "रातभर डोक्या धरून बसतत."

तो तिच्यावर चिडला. डोकेदुखीच्या गोळ्या गावच्या डॉक्टरांच्या, अंधुक दिसतं म्हणून चष्मा दुसरीकडचा, पुटकुळ्या माझ्याकडे. ज्याच्या त्याच्या खात्यातलं तेवढंच त्याने ज्याला त्याला सांगितलं होतं. आम्हीही पेशंटला तसंच वळण लावलंय.

कुष्ठरोगासाठी स्लिट स्मिअर, म्हणजे त्वचेला चीर देऊन स्लाईडवर नमुना, घेण्याची सवय कोकणात आम्हाला अजून आहे, ती कामी आली. पुटकुळी रक्त हटेपर्यंत चिमटीत दाबून धरली, १५ नंबरच्या ब्लेडने छोटी चीर दिली, पातं आडवं फिरवून आतला लगदा खरवडला. स्लाईडवर इंडिया इंकचा थेंब, वर कव्हरस्लिप. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली घेऊन प्रकाश कमी करायचा, नाहीतर काही दिसत नाही. हवेचे बुडबुडे फसवतात, म्हणून कळी फुटलेली पेशी सापडेपर्यंत शोधत राहिलो. काळ्या शाईत गोल पेशी, भोवती रुंद पांढरं कडं. क्रिप्टोकॉकस. बुरशी रक्तातून त्वचेत आली होती, आणि ती डोकेदुखी म्हणजे बहुधा मेंदुज्वर. असं होतं ते बहुधा प्रतिकारशक्ती ढासळल्यावर, म्हणजे एचआयव्हीची शंका होतीच.

बायकोला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोललो. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि तेच योग्य आहे. तो बराच वेळ गप्प राहिला, मग सही केली. तपासणी पॉझिटिव्ह आली. त्याच रात्री त्याला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातही क्रिप्टोकॉकस निघाला, पाण्याचा दाब खूप होता. ते काढल्यावर डोकं हलकं झालं. बुरशीवरचं औषध, अँफोटेरिसिन, सुरू झालं.

माझ्या एका सहकाऱ्याचा आग्रह होता की एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, लगेच सुरू करावी. एरवी मीही तेच म्हणतो. पण क्रिप्टोकॉकसच्या मेंदुज्वरात चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. बुरशी आटोक्यात येण्याआधी प्रतिकारशक्ती परतली तर तीच मेंदूत सूज आणते. घाई हा आमच्या एड्स कार्यक्रमाचा चांगला गुण आहे, पण इथे तो जीव घेऊ शकतो, आणि हे समजावण्यात माझा बराच वेळ गेला.

नारळी पौर्णिमेला बोट त्याच्याविना गेली. आता एआरटी सुरू आहे, पुटकुळ्या सपाट झाल्यात. त्याने बायकोला समुपदेशकासमोर स्वतः सांगितलं. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे.

सगळ्याच पुटकुळ्या जाळून झाल्या असत्या तर मी काय खरवडलं असतं, हे मनातून जात नाही. जाळणारा डॉक्टर चांगला आहे, हात साफ आहे त्याचा. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "स्लाईड ठेवलीय का?" ती ठेवता येत नाही, शाई वाळते. मी फोटो पाठवला.